गाणे शाळेत कसे आले? बॉस्टन ते लाहोर



मॅसॅच्युसेट्समध्ये घर घेतले की आपल्याला 'ओव्हरराइड' हा शब्द लवकरच शिकावा लागतो. १९८० च्या नोव्हेंबरमध्ये इथल्या मतदारांनी 'प्रपोझिशन अडीच' मंजूर केले. तेव्हापासून, नवी बांधकामे सोडली तर, गावाला घरपट्टीतून मिळणारी एकूण रक्कम वर्षाला अडीच टक्क्यांहून जास्त वाढवता येत नाही. त्याहून जास्त हवे असेल तर गावाने मतदान करायचे, तेच ओव्हरराइड. हे मतदान फसले की शाळेत कात्री कुठे लागते हे सांगायला नको. गणिताला कोणी हात लावत नाही. चौथीचे व्हायोलिन, मिडल स्कूलचा बँड आणि कोरस ही मंडळी मात्र दर वसंतात जीव मुठीत धरून बसलेली असतात.

तोच प्रश्न आता आपल्या मंडळापुढेही आला आहे. हॉलचे भाडे वाढते आहे. त्यामुळे रविवारचा मुलांचा गाण्याचा वर्ग चालू ठेवायचा की तो तास गणिताच्या स्पर्धांच्या तयारीला द्यायचा, हा विषय येत्या सर्वसाधारण सभेत आहे. वर्ग हवा म्हणणारे पालक म्हणतात, "गाण्याने बुद्धी तल्लख होते." नको म्हणणारे म्हणतात, "पुरावा दाखवा." मी पेशाने रसायनशास्त्रज्ञ, त्यामुळे पुरावा मागणाऱ्यांबद्दल मला आपुलकी वाटते. आणि गेली काही वर्षे त्या वर्गाच्या सतरंज्या घालणारी स्वयंसेविकाही मीच, त्यामुळे पहिल्या बाजूबद्दलही वाटते. म्हणून निवाडा देण्याऐवजी थोडा इतिहास सांगावा असे ठरवले. कारण हा वाद नवा नाही. तो इथेच, बॉस्टन शहरात, १८३७ साली अगदी याच शब्दांत झालेला आहे.

बँकेतला गायक

या गोष्टीचा नायक लोवेल मेसन. जन्म १७९२, गाव मेडफील्ड. आपल्यापैकी काही जण तिथे राहतातही. तरुणपणी तो दक्षिणेला जॉर्जियातल्या सव्हाना शहरी गेला आणि बँकेत नोकरीला लागला. संध्याकाळी आणि रविवारी चर्चमध्ये गाणे शिकवायचे, बाकी आठवडा हिशेब. १८२२ साली त्याने जमवलेले चर्च-संगीताचे पुस्तक बॉस्टनच्या हँडेल अँड हायडन सोसायटीने छापले. ते तुफान खपले, पण संपादक म्हणून मेसनचे नाव त्यावर नव्हते. कारण त्यानेच पुढे सांगितले : आपण बँकेतला माणूस, आपल्याला लोकांनी 'गाणारा' म्हणून ओळखावे अशी तेव्हा इच्छा नव्हती. "गाणे छंद म्हणून ठीक, पण आधी नोकरी बघ" हे वाक्य केवळ मराठी घरांतच बोलले जाते असा आपला समज असेल तर तो सोडावा!

१८२७ मध्ये मेसन बॉस्टनला आला आणि मुलांना गाणे शिकवू लागला. त्या काळी इथे समज असा होता की गळा हा देवाने दिला तर दिला, नाही तर नाही. सगळ्यांनाच गाणे शिकवता येते ही कल्पना लोकांना नवी होती. १८३० च्या ऑगस्टमध्ये विल्यम चॅनिंग वुडब्रिज या शिक्षणतज्ज्ञाने बॉस्टनमध्ये एका व्याख्यानात मांडले की गायन हा सामान्य शाळेचाच विषय असला पाहिजे. वुडब्रिज युरोपात फिरून आला होता आणि स्वित्झर्लंडमध्ये पेस्तालोत्सीच्या विचारांवर चालणाऱ्या शाळा त्याने पाहिल्या होत्या. व्याख्यानाच्या वेळी मेसनच्या वर्गातली मुले गायली. युक्तिवादापेक्षा त्या मुलांनीच श्रोत्यांना जास्त पटवले असावे.

पेस्तालोत्सीचे मुख्य सूत्र साधे होते : आधी वस्तू, मग तिची खूण. मुलाला आधी स्वर ऐकू द्या, गाऊ द्या, दोन स्वरांतला फरक त्याच्या कानाला कळू द्या. कागदावरची चिन्हे नंतर. ताल वेगळा शिकवा, स्वर वेगळा, आवाजाचा लहानमोठेपणा वेगळा, आणि मग तिन्ही एकत्र आणा. आपल्याकडच्या तालमीत हेच होत आले आहे. गुरुजी म्हणतात, शिष्य मागून म्हणतो, वही पुष्कळ नंतर उघडते. स्वित्झर्लंडच्या शिक्षणतज्ज्ञाला जे मांडावे लागले ते आपल्या बुवांना परंपरेने ठाऊक होते. फरक इतकाच की आपल्याकडे ते एका शिष्याला दिले जात होते आणि मेसनला ते एकदम शेकडो मुलांना द्यायचे होते.

बुद्धी, मन आणि शरीर

१८३३ मध्ये बॉस्टन अकॅडमी ऑफ म्युझिक स्थापन झाली. तिने आणि शहरातल्या नागरिकांनी स्कूल कमिटीकडे अर्ज केले की सार्वजनिक शाळांत गायन शिकवावे. कमिटीने एक उपसमिती नेमली आणि तिचा अहवाल १८३७ च्या ऑगस्टमध्ये आला. अमेरिकेतल्या संगीत-शिक्षणाच्या इतिहासात या अहवालाचे नाव नेहमी घेतले जाते. त्यात विषयाची परीक्षा तीन कसोट्यांवर घेतली होती : बुद्धीला उपयोग होतो का, मनाला आणि नीतीला होतो का, आणि शरीराला होतो का.

बुद्धीसाठी उत्तर असे की गायनाला स्मरण, तुलना आणि लक्ष लागते. मनासाठी असे की चांगल्या गाण्याने मुले प्रसन्न होतात, चित्त शांत होते, वर्गाला शिस्त येते. आणि शरीरासाठी असे की गाणे हा छाती आणि फुफ्फुसे यांचा व्यायाम आहे. तिन्ही कसोट्यांवर उत्तर 'होय'. आज शिक्षणतज्ज्ञ मुलांच्या सामाजिक, भावनिक आणि शारीरिक विकासाबद्दल बोलतात, तेव्हा ते बरेचसे त्या १८३७ च्या चौकटीतच बोलत असतात.

कमिटीला विचार पटला, पण नगरपालिकेने पैसे दिले नाहीत. (हेही ओळखीचे वाटेल!) तेव्हा मेसनने साउथ बॉस्टनच्या हॉज शाळेत एक वर्ष विनावेतन शिकवले. १८३८ च्या ऑगस्टमध्ये मुलांचा जाहीर कार्यक्रम झाला, आणि २८ ऑगस्ट १८३८ रोजी कमिटीने गायन हा शाळांचा विषय म्हणून मंजूर करून मेसनवर त्याची जबाबदारी सोपवली. अमेरिकेच्या सार्वजनिक शाळांत इतर विषयांच्या पंगतीला संगीत बसले ते त्या दिवशी, असे मानले जाते. पुढे राज्याच्या शिक्षण मंडळाचे सचिव होरेस मान यांनी १८४४ सालच्या आपल्या वार्षिक अहवालात गायनाची भरभरून शिफारस केली. खुद्द मेसनला मात्र १८४५ मध्ये शहरातल्या राजकारणामुळे ते पद सोडावे लागले. माणूस गेला, विषय राहिला. आपली मुले चौथीत भाड्याचे व्हायोलिन पाठीला लावून बसमध्ये चढतात, त्याची सुरुवात तिथे आहे.

फुफ्फुसांचा मुद्दा

इथे थोडे थांबून शरीराच्या कसोटीकडे पाहू, कारण त्यात एक धडा आहे. त्या काळी क्षयाने माणसे पटापट जात. फिलाडेल्फियाचे प्रसिद्ध डॉक्टर बेंजामिन रश यांनी अठराव्या शतकातच लिहिले होते की जर्मन लोकांना क्षय क्वचित होतो आणि त्याचे एक कारण म्हणजे ते लहानपणापासून गातात, त्यामुळे त्यांची फुफ्फुसे बळकट होतात. गायनाच्या पुरस्कर्त्यांनी हा मुद्दा उचलून धरला. पालकांच्या काळजाला हात घालणारा याहून मोठा मुद्दा कोणता असणार?

१८८२ मध्ये रॉबर्ट कॉखने क्षयाचा जंतू शोधला आणि हा युक्तिवाद निकालात निघाला. क्षय गाण्याने टळत नाही. उलट २०२० च्या मार्चमध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या स्कॅजिट व्हॅलीमध्ये एका गायनवृंदाची सराव-बैठक झाली. ६१ जण जमले होते, त्यांतले ५३ कोविडने आजारी पडले आणि दोघे दगावले. बंद खोलीत खोल श्वास घेऊन एकत्र गाणे म्हणजे काय, हे त्या एका संध्याकाळी कळले. त्या वर्षी इथल्या शाळांचे कोरस बंद पडले ते त्यामुळेच.

याचा अर्थ मेसन चुकीचा होता असा नाही. मुलांनी गावे हे बरोबरच होते, त्यासाठी दिलेले एक कारण चुकीचे होते. आणि चांगल्या गोष्टीला चुकीचे कारण दिले की कारण पडते तेव्हा गोष्टही पडण्याचा धोका असतो. हे लक्षात ठेवू, पुढे उपयोगी पडेल.

सात दिवसांचे अंतर

लोवेल मेसन ११ ऑगस्ट १८७२ रोजी न्यू जर्सीतल्या ऑरेंज गावी वारला. बरोबर सात दिवसांनी, १८ ऑगस्ट १८७२ रोजी, कुरुंदवाडला एका कीर्तनकाराच्या घरी मुलगा झाला. त्याचे नाव विष्णू दिगंबर पलुस्कर. हा निव्वळ योगायोग, त्यात दैवी काही शोधू नये. पण एका खंडात ज्या कामाचा कर्ता गेला, त्याच जातीचे काम दुसऱ्या खंडात करणारा त्याच आठवड्यात जन्मला, हे वाचून मी क्षणभर थांबले खरी.

विष्णूच्या गोष्टीची सुरुवात अपघाताने होते. लहानपणी फटाक्याच्या दारूने त्याचे डोळे अधू झाले आणि शाळेचे शिक्षण खुंटले. गळा चांगला होता, म्हणून मिरजेला पं. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे त्याला ठेवले. बाळकृष्णबुवा म्हणजे ग्वाल्हेरची ख्यालगायकी महाराष्ट्रात आणणारे थोर गायक. त्यांनी स्वतः ती विद्या वणवण करून, गुरूची सेवा करून मिळवली होती. त्या काळी दुसरा मार्गच नव्हता. गुरूच्या घरी राहायचे, पडेल ते काम करायचे, आणि गुरूची मर्जी होईल तेव्हा शिकायचे. या पद्धतीने अफाट गवई तयार केले. पण त्यासाठी मुलाचे उभे आयुष्य द्यावे लागे. मुलींना तर ते दार जवळजवळ बंदच होते.

विष्णूला शिकता शिकता आणखी एक गोष्ट दिसली. गवयाला राजा बिदागी देई, पण पंगतीत मान देत नसे. 'घरंदाज' कुटुंबात गाणे ऐकायचे, पण शिकायचे नाही. मुलाने गाणे धरले म्हणजे तो वाया गेला, आणि मुलीने धरले तर विचारूच नका. १८९६ मध्ये पलुस्करांनी मिरज सोडली आणि बडोदा, ग्वाल्हेर, मथुरा असे करत ते उत्तरेला गेले. ५ मे १९०१ रोजी त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले.

आधीचे प्रयत्न

संगीताची शाळा काढणारे पलुस्कर पहिले नव्हेत, हेही सांगितले पाहिजे. १८७४ मध्ये पुण्यात बळवंत त्र्यंबक सहस्रबुद्धे यांच्या पुढाकाराने गायन समाज स्थापन झाला होता, आणि सुशिक्षित लोकांत संगीताची गोडी लावावी, मुलांना शिकवावे हा त्याचा उद्देश होता. १८८६ मध्ये बडोद्याला सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने मौलाबक्षांनी गायनशाळा सुरू केली. मौलाबक्षांनी स्वतःची स्वरलिपी तयार केली आणि क्रमिक पुस्तके लिहिली. आज बडोद्याच्या विद्यापीठात संगीत-नृत्य-नाट्याची जी विद्याशाखा आहे तिचे मूळ या गायनशाळेत आहे. मौलाबक्षांचे नातू इनायत खान याच वातावरणात वाढले आणि १९१० मध्ये अमेरिकेत आले. इथल्या लोकांना हिंदुस्थानी गाणे ऐकवणाऱ्या पहिल्या काही कलावंतांत त्यांची गणना होते.

लाहोरचे वेगळेपण असे की ती शाळा दरबाराच्या नव्हे, लोकांच्या आधारावर उभी होती. वर्गणी, फी आणि तिकीट लावून केलेल्या मैफली हे तिचे उत्पन्न. वर्ग ठरलेल्या वेळी भरत, अभ्यासक्रम आखलेला होता, परीक्षा होत्या. पलुस्करांनी स्वतःची स्वरलिपी केली आणि 'संगीत बालप्रकाश' सारखी छोटी, स्वस्त पुस्तके छापली. बंदिशींमधले शृंगारिक शब्द बदलून त्यांनी भजने आणली, जेणेकरून सभ्य म्हणवणाऱ्या घरांना हरकत घ्यायला जागा राहू नये. मुलींसाठी वर्ग काढले. आणि सर्वांत दूरदृष्टीचे काम म्हणजे उपदेशक वर्ग : निवडक विद्यार्थ्यांनी संस्थेत राहून काही वर्षे शिकायचे आणि मग शिक्षक होऊन बाहेर पडायचे. मेसनलाही शिक्षक तयार करण्याचा असाच ध्यास होता. दोघांनाही कळले होते की एक गवई एक मैफल रंगवतो, पण एक शिक्षक पिढी घडवतो.

१९०८ मध्ये पलुस्करांनी मुंबईला शाखा काढली आणि पुढे तिच्यासाठी मोठी इमारत उभी केली. कर्ज डोंगराएवढे झाले, शेवटी इमारत लिलावात गेली. पंडितजी विरक्त होऊन नाशिकला रामनामात रमले आणि २१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरजेला वारले. इमारत गेली, शिष्य राहिले. ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास, बी. आर. देवधर ही नावे आपल्याला आजी-आजोबांच्या तोंडून ऐकून ठाऊक आहेत. विनायकरावांनी १९३२ मध्ये पुण्यात गांधर्व महाविद्यालय सुरू केले. शिष्यांनी मिळून अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले. त्याच्या प्रारंभिकपासून विशारदपर्यंतच्या परीक्षांना आज अमेरिकेत वाढलेली मुलेही बसतात. पलुस्करांइतकेच दुसरे मोठे नाव पं. विष्णू नारायण भातखंडे यांचे. पेशाने वकील, देशभर हिंडून बंदिशी जमवणारे, दहा थाट मांडणारे आणि १९२६ मध्ये लखनौचे मॅरिस कॉलेज उभे करणारे. त्यांच्यावर वेगळा लेखच हवा.

या इतिहासाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ज्या उस्तादांनी आणि ज्या गायिकांनी ही विद्या शतकानुशतके जपली, त्यांना या नव्या 'सभ्य' व्यवस्थेत हळूहळू बाजूला सारले गेले. वर्गातून गाणे घरोघर पोहोचले, पण ज्यांच्या घरून ते आले त्यांचा मान त्या प्रमाणात वाढला नाही. आणि वर्गातून गवई तयार होत नाहीत, ही तक्रार तर पलुस्करांच्या हयातीतच सुरू झाली होती. त्यावर देता येणारे उत्तर असे की तानसेन नाही तर निदान कानसेन तरी तयार होतात, आणि समाजाला कानसेनांचीही गरज असते.

एक गोष्ट मात्र आपल्याकडे घडली नाही. बॉस्टनप्रमाणे शास्त्रीय संगीत हा सगळ्या शाळांचा रोजचा विषय झाला नाही. ते खासगी क्लासात आणि परीक्षांत राहिले. शाळेत राहिली ती प्रार्थना, समूहगीते आणि लेझीम. लेझमीला आपण संगीत-शिक्षण म्हणत नाही, पण विचार करा : हलगीच्या ठेक्यावर पन्नास मुले एका वेळी वाकतात, वळतात, पाऊल टाकतात, आणि एकाचा हात चुकला तर सगळ्या रांगेला कळते. शरीर, ताल आणि सांघिकता यांचा एकत्रित धडा याहून स्वस्तात कुठे मिळणार? १८३७ च्या उपसमितीला लेझीम दाखवली असती तर तिसऱ्या कसोटीवर त्यांना क्षयाच्या जर्मन लोकांपर्यंत जावे लागले नसते.

आजचा पुरावा

आता सभेतल्या प्रश्नाकडे. गाण्याने बुद्धी वाढते का?

१९९३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी ३६ कॉलेज-विद्यार्थ्यांना दहा मिनिटे मोझार्ट ऐकवला आणि लगेच आकृत्यांचे कोडे घातले. त्या एका प्रकारच्या कोड्यात गुण ८-९ बुद्ध्यंकांइतके वाढलेले दिसले, पण परिणाम १०-१५ मिनिटांत ओसरला. वर्तमानपत्रांनी मात्र 'मोझार्ट ऐका, हुशार व्हा' असा डंका पिटला. १९९८ मध्ये जॉर्जियाच्या गव्हर्नरांनी राज्यात जन्मणाऱ्या प्रत्येक बाळाला शास्त्रीय संगीत देण्यासाठी १,०५,००० डॉलर मागितले! पुढच्याच वर्षी इतर संशोधकांना तो प्रयोग करून तसा परिणाम मिळाला नाही. म्हणजे फुफ्फुसांची गोष्ट पुन्हा एकदा.

ऐकणे सोडा, शिकल्याने काय होते? २००४ मध्ये टोरोंटोतल्या प्रयोगाचे निष्कर्ष आले. सहा वर्षांच्या १४४ मुलांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे चार गट केले : एकाला कीबोर्ड, एकाला गायन, एकाला नाट्य, एकाला काहीच नाही. ३६ आठवड्यांनंतर सगळ्यांचाच बुद्ध्यंक वाढला, कारण मुले शाळेत जाऊ लागली होती. संगीताच्या गटांत वाढ सरासरी ७.०, बाकीच्यांत ४.३. फरक आहे, पण लहान. आणि गंमत म्हणजे इतरांशी वागण्या-बोलण्यातली सुधारणा दिसली ती नाट्याच्या गटात, संगीताच्या नव्हे. त्यानंतर बरेच प्रयोग झाले. २०२० मध्ये ते सगळे एकत्र मांडून पाहिले तेव्हा असे दिसले की संगीताची तुलना दुसऱ्या एखाद्या चांगल्या उपक्रमाशी केली की बुद्धीवरचा फायदा जवळपास नाहीसा होतो.

म्हणून नको म्हणणाऱ्या पालकांना मी सांगेन : गणिताचे गुण वाढावेत एवढ्यासाठीच गाणे हवे असेल, तर तुमचे बरोबर आहे, गणितच शिकवा.

पण पुरावा इथे संपत नाही. बॉस्टनमध्येच साधारण सहा वर्षांच्या ३१ मुलांचा अभ्यास झाला आणि तो २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. पंधरा महिने कीबोर्ड शिकलेल्या मुलांच्या मेंदूत हालचाल आणि श्रवण यांच्याशी निगडित भागांत बदल दिसले. बोटांचे कौशल्य आणि सुरातालाची जाण वाढली. लॉस एंजेलिसच्या गरीब वस्त्यांतल्या मुलांवरच्या २०१४ च्या अभ्यासात बोलण्यातले सूक्ष्म ध्वनी वेगळे ओळखण्याची मेंदूची क्षमता सुधारली, पण एका वर्षाने नव्हे, दोन वर्षांच्या शिक्षणानंतर. जर्मनीत चार वर्षांच्या ९६ मुलांच्या जोड्या करून अर्ध्या जोड्यांना गात-वाजवत खेळवले आणि अर्ध्यांना तोच खेळ गाण्याविना दिला. गायलेली मुले नंतर एकमेकांना जास्त मदत करू लागली. इंग्लंडमध्ये प्रौढांच्या वर्गांवर सात महिने लक्ष ठेवले, तेव्हा हस्तकला आणि लेखन शिकणाऱ्यांचीही शेवटी तितकीच मैत्री झाली, पण गाणाऱ्यांची ती लवकर जमली.

हे सगळे एकत्र पाहिले तर चित्र स्पष्ट होते. संगीत-शिक्षणाने प्रथम जे सुधारते ते संगीताच्या जवळचेच असते : कान, हात, श्वास, लक्ष आणि सोबत. एकत्र, नियमित आणि पुष्कळ काळ शिकले तर ते टिकते. दूरची आश्वासने, मग ती १८३७ ची असोत की १९९३ ची, टिकत नाहीत.

आपल्या वर्गापुरते

आता आपल्या घरांत हे 'जवळचे' किती मोलाचे आहे ते बघा. आपली मुले आठवडाभर इंग्रजीत जगतात. मराठीत प्रश्न विचारला तर उत्तर इंग्रजीत येते. पण रविवारी अभंग म्हणताना त्यांच्या तोंडून 'ळ' अगदी सहज येतो, कारण सूर धरायचा तर शब्द धरावाच लागतो. घरी आजीशी फोनवर दोन वाक्यांत गप्पा संपवणारी मुलगी तिला फोनवर अख्खे पद म्हणून दाखवते. शाळेत अबोल असणारा मुलगा तबल्यावर बसला की बाकीचे दहा जण त्याच्या ठेक्याकडे कान लावून असतात. त्याला 'आत्मविश्वास ठेव' असे कोणाला सांगावे लागत नाही. मोठ्यांची गोष्ट तर वेगळीच. या वर्गाच्या निमित्ताने दाराशी उभे राहून गप्पा मारणारे पालक हेच आपले अर्धे मंडळ आहे.

तेव्हा सभेत वर्गाच्या बाजूने बोलताना बुद्ध्यंकाचा मुद्दा कोणी काढू नये अशी माझी विनंती आहे. तो मुद्दा पडला की वर्गही पडेल. कॉलेजच्या अर्जावर शोभेल हाही मुद्दा नको. मुलांना ते लगेच कळते आणि अर्ज भरून झाला की पेटी कोठीघरात जाते. आपण एवढेच म्हणावे की मुलांनी एकत्र गायला शिकावे, कारण एकत्र गाणे ही स्वतःच शिकण्यासारखी गोष्ट आहे, आणि मराठीत गाणे त्यांना इथे दुसरीकडे कुठे मिळणार नाही.

त्याबरोबर इतिहासातून आणि प्रयोगांतून शिकलेल्या चार गोष्टी वर्गात आणू. पहिली, किमान दोन वर्षांची नोंदणी असावी. सहा महिन्यांनी सोडण्याने काही हाती लागत नाही. दुसरी, दर तासाला सगळ्यांनी मिळून म्हणण्याची पंधरा मिनिटे राखून ठेवू आणि महिन्यातून एकदा लेझीम काढू. ज्यांना गळा नाही असे वाटते त्यांच्यासाठीही. तिसरी, लहान मुलांना मोठ्या पेटीमागे वाकून बसवू नये, पाठ ताठ राहील अशी बैठक द्यावी आणि हॉलच्या खिडक्या उघड्या ठेवाव्यात. चौथी, शिकवणाऱ्यांना योग्य मानधन द्यावे. मेसनने एक वर्ष फुकट शिकवले ते शहराला पटवण्यासाठी. कायम फुकट शिकवावे अशी त्याची अपेक्षा नव्हती. पलुस्करांनी तर आयुष्य आणि इमारत दोन्ही पणाला लावले ते गाणाऱ्याला मान मिळावा म्हणून. आपण निदान हॉलचे भाडे तरी भरू शकतो.

गणिताच्या वर्गाला माझा विरोध नाही. तो शनिवारी घ्यावा. वहीत समीकरणे लिहायला मी स्वतः आनंदाने येईन. पण रविवारचा तास मुलांच्या गळ्याला राहू द्या. सर्वसाधारण सभेला सर्वांनी वेळेवर यावे, मत द्यावे, आणि ज्यांना जमेल त्यांनी सतरंज्या घालायला अर्धा तास आधी यावे ही नम्र विनंती.